चकतीवरचं कुंकू

मिठाच्या घरात मीठ विकत आणावं लागत नाही, एवढीच काय ती आमची श्रीमंती. ठाण्याच्या पूर्वेला, खाडीला लागून आमचं घर होतं. घर म्हणजे एक खोली, पुढे पडवी आणि मागे चूल. भरती आली की पाणी मागच्या बांधाला लागायचं आणि भांडं विसळल्यासारखा आवाज यायचा. आई आणि बाबा दोघंही मिठागरात कामाला. पावसाळा सरला की आगरातला चिखल पायांनी तुडवून तुडवून सारवलेल्या अंगणासारखा घट्ट करायचा, मग त्यात खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हावर आटू द्यायचं, आणि मीठ धरलं की लाकडी फळीनं ओढून टोपल्यांतून वाहायचं. ओढणं बाबांचं, वाहणं आईचं. पावसाचे चार महिने काम बंद. तेव्हा कण्यांची पेज आणि सुका जवळा. कांदा असला तर जवळ्यात, नसला तर नुसता जवळा. आई तो तव्यावर भाजायला लागली की आख्ख्या आळीला कळायचं, म्हात्र्यांकडे आज काय आहे ते. रोज तेच असायचं, त्यामुळे कळण्यासारखं तसं काही नव्हतंच.

मिठात काम करणाऱ्या माणसाचे पाय ओळखू येतात. टाचांना भेगा पडतात, भेगांत खारं पाणी जातं, आणि ती जखम पावसाळ्याशिवाय भरत नाही. संध्याकाळी आई खोबरेल तेलात मेण वितळवायची आणि दोघं पडवीत बसून ते पायांना चोळायची. मे महिन्याच्या सुट्टीत मीही आगरात जायचे, त्यामुळे माझे पायही त्यांच्यासारखेच. मला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते पुढे, कॉम्प्युटरच्या क्लासला गेले तेव्हा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. बी.एस्सी. झाल्यावर नौपाड्यात कॉम्प्युटरचा कोर्स लावला. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीनं मशिन बिघडतं म्हणे. गारेगार खोली, खाली मऊ गालिचा, ओळीनं बसलेली मुलं-मुली, आणि सगळ्यांचे पाय उघडे. माझे पाय मी खुर्चीखाली दुमडून बसायची. तासभरानं मुंग्या यायच्या. एका मशिनला आम्ही दोघी-तिघी, आठवड्याला तीन तास. त्यामुळे प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, डोक्यात चालवून बघायचा, आणि मगच मशिनला हात लावायचा. ती सवय माझी आजतागायत सुटलेली नाही. हल्लीची मुलं मला हसतात. हसू देत. त्यांना पडद्यावर लिहून, चालवून, मोडून, परत लिहून जे तिसऱ्या दिवशी जमतं, ते मला पहिल्या दिवशी जमतं. शिवाय दर सहा महिन्यांनी त्यांचं हत्यारच बदलतं. जुनं मोडलंय म्हणून नव्हे, नवं आलंय म्हणून. मी आता वाद घालत नाही. दमले.

कोर्स संपला आणि डोंबिवलीत नोकरी लागली. फडके रोडच्या मागे, एका मिठाईवाल्याच्या वर दोन खोल्या. खालून दिवसभर तुपाचा वास यायचा. मालक लेले सर, पन्नाशीचे, स्वभावानं सज्जन, पण सज्जनपणाचा त्यांना फार अभिमान. दुसरा माझ्या वयाचा सुहास, डोंबिवलीचाच, बोलायला लागला की थांबायचा नाही. आधी आम्ही दुकानदारांना बिलांचे प्रोग्रॅम करून द्यायचो. मग इंटरनेट आलं, आणि लेले सर म्हणाले, आता वेबसाइट. टेलिफोनच्या तारेतून तो मोडेम किंचाळायला लागला की सुहास म्हणायचा, "लागली बघ, बाळंतीण अडली." मी वहीत पानं लिहायची म्हणून त्यानं माझं नाव 'चित्रगुप्त' ठेवलं होतं.

घरी मी काय करते हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मी सांगितलंच नव्हतं. आई भाकरी थापता थापता विचारायची, "कंपुटर म्हंजी नक्की करतंस काय गो तू?" मी म्हणायची, "तुला नाही कळणार, आई." ती म्हणायची, "बरां," आणि भाकरी उलटायची. हे मी किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही. मनात काही नसायचं. दिवसभर बोलून दमलेली असायची, एवढंच. पण आज ते 'बरां' कानात फार वाजतं.

आम्हाला तेव्हा एक मोठं काम मिळालं होतं. कल्याणचे एक व्यापारी परदेशात पापड-मसाले पाठवायचे. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता, त्याला दुकानाची वेबसाइट हवी होती. चाळीसेक पानं होती आणि प्रत्येक मसाल्याचा फोटो. ते काम सरांनी माझ्या एकटीच्या हाती दिलं होतं. धनत्रयोदशीला साइट चालू करायची असं शेठनी मुहूर्त काढून सांगितलेलं. नवरात्र आलं तेव्हा माझं काम जवळजवळ पुरं झालं होतं.

खंडेनवमीला सर ऑफिसात पूजा करायचे. आणि त्यांची एक रीत होती. आगरी माणूस जसा त्या दिवशी फावडं-कोयता घासूनपुसून लख्ख करतो, तसे सर सगळे कॉम्प्युटर कोरे करायचे. आतलं सगळं पुसून नव्यानं विंडोज घालायचं. "वर्षाचा कचरा जातो," म्हणायचे. त्यासाठी चालू कामं आधी फ्लॉपीवर काढून ठेवायची. आजच्या मुलांनी फ्लॉपी पाहिली नसेल. तळहाताएवढी चौकोनी प्लॅस्टिकची डबी, तिला एका बाजूला सरकणारं पत्र्याचं झाकण, आणि आत कागदासारखी पातळ, गोल चकती. माझ्या साइटला चार फ्लॉप्या लागल्या. खरं तर दोन-दोन संच करायचे असतात. मी एकच केला. डबा संपला होता आणि खाली जाऊन नवा आणायचा मला कंटाळा आला. ही माझी चूक, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी सर मला म्हणाले, "म्हात्रे, वडिलांना घेऊन या पूजेला." बाबा टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन, पांढरा सदरा घालून, हातात नारळ घेऊन आले. ऑफिसात पाऊल टाकायच्या आधी चपला काढल्या त्यांनी, कुणी सांगायच्या आधी. मशिनं सकाळीच कोरी करून झाली होती. टेबलावर चादर घालून त्यावर तीन कीबोर्ड, तीन माउस आणि माझ्या चार फ्लॉप्या मांडल्या होत्या. बाबांनी सगळं एकदा बारकाईनं बघितलं.

"बाय, ह्यातला पाता कंचा?"

म्हणजे पातं कुठलं. आमच्याकडे खंडेनवमीला कुंकू हत्याराच्या पात्याला लावतात, दांड्याला नाही. बाबा म्हणायचे, दांडा काय, मोडला तर दुसरा बसवता येतो, काम पातं करतं. त्यांचा प्रश्न मला बरोबर कळला, आणि खरं सांगते, मला आनंदही झाला. मी एक फ्लॉपी उचलली, झाकण सरकवून दाखवलं.

"ही बघा आतली चकती. माझं सहा आठवड्यांचं काम सगळं ह्या चार चकत्यांवर."

"यवऱ्याशा चकतीवं?"

"हो."

"बापरे," म्हणाले, आणि हात जोडले.

तेवढ्यात सरांनी मला पेढे आणायला खाली पाठवलं. सुहास हार आणायला गेलेला, सर फोनवर. दहा मिनिटांनी मी वर आले तर बाबा समाधानानं ताट बाजूला ठेवत होते. "झाला गो. समद्यांना लावला. एक पन नाय ऱ्हायला." मी बघितलं, डब्या जागच्या जागी, वरून स्वच्छ. मला वाटलं, कीबोर्डांना लावलं. आरती झाली, पेढे वाटले. सर बाबांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची." घरी येईपर्यंत बाबांनी टोपी तीनदा काढून परत घातली.

दसऱ्याची सुट्टी झाली. एकादशीला काम परत मशिनवर चढवायला सुहासनं पहिली फ्लॉपी आत घातली. करकर आवाज आला. "ए चित्रगुप्ता, तुझी फ्लॉपी दात खातेय." ती काढून त्यानं दुसऱ्या मशिनमध्ये घातली, तिथंही तेच. मग त्यानं झाकण सरकवलं आणि गप्प झाला. सुहास गप्प झाला म्हणजे काहीतरी मोठंच झालं हे सरांनाही कळलं. ते उठून आले. चकतीवर बोटाएवढा ओल्या कुंकवाचा टिळा, वर हळदीचा ठिपका, आणि त्यावर मशिननं ओढलेला गोल लाल ओरखडा. उरलेल्या तिन्ही उघडून बघितल्या, टिळा चारही चकत्यांवर. दोन मशिनच्या तोंडात कुंकू गेलेलं ते वेगळंच.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी."

कुणी असं म्हणू नये की हिचा बाप अडाणी. एवढंच डोक्यात होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अहो म्हात्रे, शिकलेली मुलगी तुम्ही. तुम्ही हे करावं?" मग म्हणाले, "आठ दिवस देतो. नाही जमलं तर शेठना मी सांगेन, आणि मग तुम्हाला इथं ठेवणं मला कठीण जाईल." सुहासनं आपल्या खणातून नवा फ्लॉपीचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

वही होती. पण वहीत पानं पहिल्या खर्ड्याची होती, नंतर मशिनवर केलेले बदल तिच्यात नव्हते, आणि फोटो तर वहीत असतच नाहीत. शेठकडून मसाल्यांची पाकिटं परत मागवली, कल्याणला जाऊन फोटो परत स्कॅन करून आणले. मसाल्यांची नावं, वजनं, प्रत्येक पानाची मांडणी, सगळं पहिल्यापासून टाइप केलं. लोक म्हणतात, दुसऱ्यांदा लिहिलं की चांगलं होतं. तसं काही होत नाही. दुसऱ्यांदा लिहिताना फक्त कंटाळा येतो, आणि पहिलं कसं होतं ते आठवत राहतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसले. आईनं कोलंबीचं कालवण केलं होतं, मला आवडतं म्हणून. बाबा म्हणाले, "काय गो, पूजा करून आलो ना मी? मंग तोंड असा का तुजा?"

आणि मी बोलून गेले. जे सरांसमोर दाबून ठेवलं होतं ते ताटावर बसून बोलले. "तुम्ही कुंकू लावलंत म्हणूनच! आतल्या चकतीला हात लावायचा नसतो. सगळं काम पुसलं माझं. नोकरी जायची वेळ आलीय. आणि मी सांगितलंय की मीच लावलं."

आईचा हात पातेल्यात तसाच राहिला. बाबांनी मान खाली घातली आणि भात कालवत बसले, कालवतच बसले, खाल्ला नाही. मी हात धुतला आणि पडवीत जाऊन बसले. आजही त्या वाक्यांतलं एकेक मला परत घ्यावंसं वाटतं. मशिनवर घेता येतं, एक बटण असतं. तेवढ्याचसाठी मी मशिनला मानते, बाकी कशासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऑफिसचं दार वाजलं. बाबा. तोच पांढरा सदरा. चपला दाराबाहेर काढून सरळ सरांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, कुंकू मी लावलेला. पोरीनं नाय. ती खोटा बोलली."

सर उभेच राहिले. "अहो म्हात्रे, बसा ना. बसा." मग माझ्याकडे वळून, "मग तुम्ही का...?"

उत्तर बाबांनीच दिलं, पण ते सरांना नव्हतं, मला होतं. आवाज चढवला नाही. "तू पाता दावलास. हात लावू नको म्हनून सांगितलास नाय. मना काय सपान परतं? तू शिकलीस, आमी नाय शिकलो. पन सांगितलेला कलतं आमाला."

मग सुहास म्हणाला, "काका, चहा घ्याल ना?" आणि गेला खाली.

बाबांनी चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर घालून. मग माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसले. "आता सांग. पयल्यापासनं." मी सरांकडे बघितलं. ते खिडकीकडे तोंड करून कागद चाळायला लागले होते.

मी सांगायला लागले. शुद्ध भाषेत दोन वाक्यं झाली आणि अडले. मग आमच्या घरच्या बोलीत सांगितलं, ऑफिसात पहिल्यांदाच. म्हटलं, चकती म्हणजे आगराची घोटलेली जमीन. तिच्यावर बोट उमटलं तर मीठ तिथं काळं येतं, तसंच हे. पान म्हणजे दुकानाची फळी. कल्याणच्या शेठचं दुकान आपण तारेतून अमेरिकेला दाखवतो, तिथला माणूस फळीवरची वस्तू बघतो आणि मागवतो. बाबा मधे मधे विचारत होते, आणि प्रश्न चांगले होते. "मागवला, पन ह्याच्याकरं नसला तर?" हा प्रश्न मला सहा आठवड्यांत सुचला नव्हता, शेठना नाही, सरांनाही नाही. त्या दुपारी मी प्रत्येक पानावर 'सध्या उपलब्ध नाही' दाखवायची सोय केली.

पंचवीस वर्षं हेच काम केलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट केल्या, काचेच्या इमारतींत बसले, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या साहेबांच्या मीटिंगा ऐकल्या. प्रत्येक ठिकाणी एक वाक्य कधी ना कधी येतंच, लोकांना काही कळत नाही हो, वापरणाराच मूर्ख आहे. ते ऐकलं की मी बोलते, आणि जरा तिखटच बोलते. फॉर्म भरताना म्हाताऱ्या बाईनं जन्मतारीख उलटी लिहिली आणि पडद्यावर लाल अक्षरात 'चुकीची माहिती' आलं, तर चूक त्या बाईची नाही, ज्यानं तारीख कशी लिहायची ते सांगितलं नाही त्याची आहे. माझे बरेच साहेब ह्यामुळे माझ्यावर नाराज झाले. मी बढतीला दोनदा मागे राहिले त्याचं हेही एक कारण असावं. मला त्याचं दुःख नाही, पण थकवा येतो. तीच गोष्ट प्रत्येक पिढीला परत परत सांगावी लागते, आणि ती काही अवघड नाही.

बाबा ऑफिसात आले त्या संध्याकाळी मी घरी आले तर आई चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि तिलाही सांगितलं, पहिल्यापासून. तिनं सगळं ऐकलं, भाकरी जळेपर्यंत ऐकलं, आणि म्हणाली, "यवराच ना? मंग ये आधी सांगाला काय झालता?"

आठव्या दिवशी साइट पुरी झाली. ह्या वेळी मी फ्लॉपीचे तीन संच केले. एक ऑफिसात, एक सुहासच्या घरी, एक आमच्या घरी आईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत. धनत्रयोदशीला सकाळी मोडेम किंचाळला, पानं एकेक करून वर गेली, आणि तासाभरात शेठच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला की त्याला गोडा मसाल्याचं पाकीट दिसतंय, लाल रंगासकट. नोकरी राहिली. पुढच्या वर्षीपासून सर कॉम्प्युटर कोरे करायच्या आधी तीन संच मोजून घ्यायला लागले.

आणि त्यानंतर बाबा असेपर्यंत, गावात कुणी विचारलं की म्हात्र्याची पोर डोंबिवलीला करते काय, तर मला बोलवावं लागलं नाही. ते स्वतः सांगायचे, नीट, अर्धा तास.